चित्रकार व्हायचे आहे, तर गणित किती?

प्रश्न : माझी मुलगी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकते आणि आता दहावीत जाईल. मराठी, इतिहास आणि चित्रकला हे तिचे आवडते विषय आहेत. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत तिला ‘अ’ श्रेणी मिळाली असून पुढे याच क्षेत्रात काहीतरी करायचे, असे ती म्हणते. गणितात मात्र नववीला ती कशीबशी पास झाली. पेपरच्या आदल्या रात्री तिला ताप भरतो. ‘साइन थीटा मला आयुष्यात कुठे लागणार आहे?’ असे तिने विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी स्वतः दहावीनंतर गणिताला हात लावलेला नाही आणि माझे कधी काही अडलेही नाही. तिचे बाबा म्हणतात की काही झाले तरी बारावीपर्यंत गणित घ्यायचेच, म्हणजे सगळे मार्ग मोकळे राहतात. माझ्या नणंदेचे म्हणणे असे, की मुलीच्या जातीला एवढे गणित काय करायचे आहे? मुक्त विद्यालयातून दहावी केली तर गणित घ्यावेच लागत नाही, असे कळले. तसे करावे का? आणि मुळात सगळ्याच मुलांवर एवढ्या गणिताची सक्ती असावी का? तिच्या उत्तरपत्रिकेच्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवत आहे.
— एक आई, चिपळूण

उत्तर : तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींची उत्तरे आधी थोडक्यात देते. दहावीपर्यंतचे गणित राहू द्यावे. मुक्त विद्यालयाचा विचार निदान सध्या बाजूला ठेवावा. अकरावीत गणित घ्यायचे की नाही, याचा निर्णय तुमच्या मुलीने करावा, तिच्या बाबांनी किंवा आत्याने नव्हे. मात्र तो करण्यापूर्वी तिला काही गोष्टी नीट ठाऊक असायला हव्यात आणि त्या सांगण्याचे काम मोठ्यांचे आहे. या उत्तरांची कारणे पुढे येतीलच, पण सुरुवात तुम्ही पाठवलेल्या दोन पानांपासून करते, कारण मुलीच्या अडचणीविषयी तुमच्या पत्रापेक्षा त्या पानांनीच मला अधिक सांगितले.

पहिल्या पानावर एक समीकरण आहे : क्ष/३ + क्ष/४ = ७. तुमच्या मुलीने पुढची पायरी २क्ष/७ = ७ अशी लिहिली, तेथून २क्ष = ४९ काढले आणि शेवटी क्ष = २४.५ असे उत्तर दिले. शिक्षकांनी त्यावर लाल शाईने काट मारून शून्य गुण दिले आहेत. आता हे जरा जवळून पाहू. दुसऱ्या पायरीपासून शेवटपर्यंत तिने जे केले आहे ते अगदी बरोबर आहे. छेद दुसऱ्या बाजूला गुणायला न्यायचा, मग दोनने भागायचे, हे तिला कळते, म्हणजेच नववीचे बीजगणित तिला येते. चूक पहिल्याच पायरीत आहे आणि ती नववीची नाही. दोन अपूर्णांकांची बेरीज करताना तिने अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. छेदांचा लसावि १२ घेतला असता, तर ४क्ष + ३क्ष = ८४ झाले असते आणि क्ष = १२ आले असते. दुसऱ्या पानावर ५ − (क्ष − २) याचे तिने ५ − क्ष − २ केले आहे. कंसाबाहेरचे उणे चिन्ह आतल्या उणे दोनपर्यंत पोचलेलेच नाही. याही उदाहरणात पुढची सगळी मांडणी शिस्तशीर आहे आणि उत्तर चुकले आहे.

अपूर्णांकांवरील क्रिया आणि ऋण संख्या हे दोन्ही भाग सहावी-सातवीचे आहेत. त्या वयात काही कारणाने, आजारपणाने, शिक्षक बदलल्याने किंवा केवळ वर्गाचा वेग जास्त असल्याने ते निसटले, तर पुढे कोणीही मागे वळून ते पाहत नाही, कारण आठवीच्या शिक्षकांना आठवीचा अभ्यासक्रम संपवायचा असतो आणि नववीच्यांना नववीचा. मुलगी मात्र दरवर्षी नव्या धड्याला तोच जुना अडथळा घेऊन सामोरी जाते आणि हळूहळू ‘मला गणित जमत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळी होते. आणखी एक गोष्ट त्या पानांवर कुठेच दिसत नाही, ती म्हणजे ताळा. २४.५ चा तिसरा भागच आठाच्या वर जातो, मग त्यात चौथा भाग मिळवून सात कसे येतील, असा प्रश्न तिला पडला असता तर चूक तिची तिलाच सापडली असती. हा प्रश्न पडण्याची सवय आपण मुलांना लावत नाही. उत्तर बरोबर की चूक हे शिक्षकांनी किंवा पुस्तकाच्या मागच्या पानाने सांगायचे, अशीच सवय लावतो.

म्हणून सक्तीविषयी तुम्ही जो प्रश्न विचारला आहे, त्याला माझे उत्तर थोडे दुहेरी आहे. दहा वर्षांची सक्ती मला जास्त वाटत नाही. पण ज्या गोष्टींसाठी ती सक्ती समर्थनीय ठरते, त्या मुलांना येतात की नाही याची खातरजमा न करता आपण वरचे मजले चढवत राहतो आणि मग पोराला गणिताचे डोके नाही असे ठरवतो, हे मला अन्यायाचे वाटते. तुमच्या मुलीवर नऊ वर्षे गणिताची सक्ती झाली आणि तरीही अपूर्णांकांची बेरीज तिच्या पदरात पडली नाही, यात दोष तिचा फारच थोडा आहे.

दहावीनंतर गणिताला हात न लावताही माझे काही अडले नाही, असे तुम्ही लिहिता. रागावू नका, पण अडले नाही की अडलेले कळले नाही, हे एकदा तपासून पाहावे असे मला वाटते. एक साधा व्यवहार घ्या. दुचाकीसाठी एक लाख रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी हवे आहे आणि समोरचा सांगतो की व्याज फक्त १० टक्के, ‘फ्लॅट’. तो कागदावर हिशेब करून दाखवतो : वर्षाला दहा हजार, तीन वर्षांचे तीस हजार, एकूण एक लाख तीस हजार, भागिले ३६ महिने, हप्ता साधारण ३,६११ रुपये. हिशेबात चूक काहीच नाही. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असता, शेवटच्या महिन्यात तर तुमच्याकडे त्याचे जेमतेम साडेतीन हजार उरलेले असतात, तरीही व्याज पूर्ण एक लाखावरच धरलेले असते. सरासरी पाहिली तर त्या तीन वर्षांत तुमच्याकडे निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम होती, म्हणजे खरा दर दहाच्या दुपटीच्या आसपास असायला हवा, आणि नीट हिशेब केला तर तो सुमारे १८ टक्के निघतो. हेच कर्ज घटत्या शिलकीवर १० टक्क्यांनी मिळाले असते, तर हप्ता साधारण ३,२२७ रुपये पडला असता आणि एकूण व्याज सोळा हजारांच्या जवळपास गेले असते. अचूक दर काढायला सूत्र किंवा संगणक लागेल, पण ‘मी अर्धी रक्कम वापरली आणि व्याज पूर्ण रकमेवर भरले’ हे ओळखायला शेकडेवारी आणि सरासरी एवढेच पुरते. ज्याला हे दिसत नाही तो हप्ते भरतो, कर्ज फिटते, आणि काही अडले असे त्याला कधीच वाटत नाही.

आता नणंदबाईंचे म्हणणे. मुलींना एवढे गणित कशाला, ही कल्पना एकेकाळी केवळ घराघरांतली नव्हती, शाळांच्या व्यवस्थेतच ती होती. मुलींनी गणिताऐवजी गृहशास्त्रासारखा विषय घ्यावा अशी सोय अनेक ठिकाणी केलेली असे. मुलामुलींच्या अभ्यासक्रमात असा भेद असावा का, हे पाहण्यासाठी हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६२ मध्ये भेद नको असे मत दिले, आणि पुढे डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील १९६४–६६ च्या शिक्षण आयोगाने ते उचलून धरले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले. शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना आवश्यक असावे, ही शिफारस याच आयोगाची, आणि १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शालेय शिक्षण संपेपर्यंत हे दोन्ही विषय सामान्य शिक्षणाचा भाग राहावेत असे म्हटले. आज तुमच्या मुलीला जी सक्ती जाचक वाटते, तिच्यामागे असा एक विचार होता, की ज्या घरात कोणी मुलीला स्वतःहून गणित शिकवणार नाही, त्या घरातल्या मुलीलाही ते मिळावे. सक्ती उठवली की निवड येते हे खरे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या वतीने ती निवड बहुधा कोणीतरी दुसरेच करते, आणि ते दुसरे कोण असू शकते याचा नमुना तुमच्या पत्रातच आहे.

मग सक्ती असावी ती किती आणि कशाची? माझ्यापुरते सांगायचे, तर अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, सरळव्याज आणि चक्रवाढ, क्षेत्रफळ-घनफळ, साधी समीकरणे, आलेख वाचणे, सरासरी आणि संभाव्यता यांचे प्राथमिक ज्ञान, आणि अंदाज करण्याची व ताळा पाहण्याची सवय, एवढे प्रत्येकाला पक्के यायलाच हवे, इतके पक्के की दहावीनंतर दहा वर्षांनी विचारले तरी आठवावे. याशिवाय एखाद-दुसरी सिद्धता प्रत्येक मुलाने समजून घ्यावी असे मी आग्रहाने म्हणेन, कारण एखादी गोष्ट दहा वेळा खरी निघाली म्हणून ती कायम खरी ठरत नाही, तसे म्हणण्यासाठी वेगळे कारण द्यावे लागते, हे शालेय वयात गणिताइतक्या स्वच्छपणे दुसरा कोणताही विषय दाखवत नाही. उरलेल्या भागाची ओळख असावी, पण त्यावर कोणाचे पास-नापास ठरू नये. दहावीच्या त्रिकोणमितीतल्या ‘सिद्ध करा’ प्रकारच्या लांबलचक नित्यसमानता या उरलेल्या भागात खुशाल जाव्यात.

दहावीच्याच गणित भाग १ च्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे, ज्यात वस्तू व सेवा कर, शेअर्स आणि म्युच्युअल फंड यांची उदाहरणे आहेत. वर सांगितलेल्या कर्जासारखे व्यवहार उलगडण्याची खरी जागा ही आहे, आणि बहुतेक वर्गांत ते प्रकरण ‘सोपे आहे, घरी वाचा’ म्हणून उरकले जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या गणित गटाने, शालेय गणित एकावर एक चढवत उंच नेण्यापेक्षा ते रुंद करावे, असा विचार मांडला होता. मला तो आजही पटतो.

साइन थीटाविषयी मुलीला खरे ते सांगावे. ती चित्रकार झाली, तर तो शब्द तिच्या कामात बहुधा येणार नाही. पण ज्या कोनांशी आणि प्रमाणांशी त्याचा संबंध आहे, ते तिच्या हातात आधीच आहेत. इंटरमिजिएटच्या परीक्षेत भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर असतो. दिलेल्या बाजूवर बहुभुजाकृती काढणे, घनाकृतींचे आराखडे मांडणे हे तिने त्यासाठी कंपास आणि गुण्या घेऊन केले असणार आणि ‘अ’ श्रेणी मिळवली आहे. कौलारू घराचा उतार ठरवताना इतक्या फुटांना इतका चढ असा हिशेब करणारा तुमच्याकडचा सुतारही त्याच गुणोत्तराशी खेळत असतो, फक्त त्याला ग्रीक अक्षराची गरज पडत नाही. तेव्हा हे तिच्यासाठी परके नाही, एवढे तिला कळले तरी पुरे. ‘पुढे फार उपयोगी पडेल’ असे खोटे आश्वासन देऊ नये, त्या वयाच्या मुलांना ते लगेच ओळखू येते.

दोन पातळ्यांचे गणित ठेवावे, ज्याला हवे त्याने वरचे घ्यावे, असा मार्ग आहेच आणि तो नवा नाही. आपल्या राज्य मंडळात काही वर्षे ‘सामान्य गणित’ हा पर्याय होता. नव्या अभ्यासक्रमाबरोबर तो गेला. केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन प्रश्नपत्रिका सुरू केल्या. अभ्यासक्रम दोघांना एकच, काठिण्य वेगळे, आणि मूळ नियमानुसार बेसिकवाल्यांनी अकरावीत गणित घ्यायचे नाही, ज्यात पुढे सवलतीही दिल्या गेल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही विषय दोन पातळ्यांवर द्यावेत आणि त्याची सुरुवात गणितापासून करावी असे सुचवले आहे. २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातून वेगळीच सूचना पुढे आली : गणित आणि विज्ञानात उत्तीर्णतेची मर्यादा ३५ वरून २० वर आणावी, पण एवढ्यावर उत्तीर्ण होणाऱ्यांच्या गुणपत्रिकेवर, या विषयांवर आधारित पुढील अभ्यासक्रमांना जाता येणार नाही, असा शेरा द्यावा. केवळ गणितापायी शाळा सुटणाऱ्या मुलांची त्यामागची काळजी मी समजू शकते. तरीही ती सूचना मला पटत नाही, कारण तिने गणित कमी होत नाही, फक्त ते न येताही पुढे जाता येते, आणि वर आयुष्यभराचा शेरा. त्यापेक्षा दोन पातळ्या अधिक प्रामाणिक आहेत. अट एकच : खालच्या पातळीत वर सांगितलेला पक्का भाग पूर्ण असावा, आणि गावातल्या शाळेत वरच्या पातळीला शिक्षक नाही म्हणून सगळ्याच मुलांना, किंवा नणंदबाईंच्या विचाराने सगळ्या मुलींना, खालच्या पातळीवर ढकलले जाऊ नये. ही अट पाळली जाईल याची खात्री मला आज देता येत नाही, म्हणून तूर्त सर्वांना एकच गणित, या बाजूला माझा कल आहे.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयाविषयी तुम्हाला मिळालेली माहिती बरोबर आहे. तेथे दहावीला पाच विषय निवडायचे असतात आणि त्यात गणित असलेच पाहिजे असे नाही. खेळाडू, कलाकार, आजारी मुले, शाळा सुटलेली माणसे यांच्यासाठी ती फार चांगली सोय आहे. पण शाळेत मैत्रिणी आहेत, बाकी विषय उत्तम आहेत आणि अडचण सहावी-सातवीच्या दोन धड्यांची आहे, अशा मुलीला ऐन दहावीच्या तोंडावर शाळेतून काढणे मला योग्य वाटत नाही. शिवाय दहावीच्या गुणपत्रिकेवर गणित नसले, तर आयटीआयच्या फिटर-इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडपासून तंत्रनिकेतनाच्या पदविकेपर्यंत कितीतरी वाटा आजच बंद होतील, आणि त्या तिला नको आहेत हे तिने अजून ठरवलेले नाही.

यात एका शक्यतेचा अपवाद करते. नीट, शांतपणे पुन्हा शिकवूनही दोन-तीन महिन्यांनी अपूर्णांक डोक्यात राहतच नसतील, घड्याळ, सुट्टे पैसे, संख्यांचा लहान-मोठेपणा यांतही ती सतत गोंधळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गणिताशी संबंधित अक्षमतेचाही समावेश आहे आणि राज्य मंडळ अशा मुलांना रीतसर प्रमाणपत्रावर बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित आणि सोबत कार्यानुभवाचा विषय घेण्याची सवलत देत आले आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्यांनी कुठे जायचे ते मुख्याध्यापकांना विचारावे. उत्तरपत्रिकेची दोन पाने पाहून असे निदान कोणी करू नये, मीही करत नाही. पण तिची पुढची मांडणी इतकी बरोबर आहे की मला तशी शंका फारशी वाटत नाही.

आता तिच्या बाबांचा मुद्दा. बारावीपर्यंत गणित घेतले की सगळे मार्ग मोकळे राहतात, हे कागदावर खरे आहे. पण नको असलेल्या विषयात दोन वर्षे कुढत काढून काठावर मिळवलेले गुण कोणताच मार्ग मोकळा करत नाहीत, उलट ज्या विषयांत ती पुढे जाऊ शकली असती त्यांचा वेळ खातात. तेव्हा मोकळ्या मार्गांची मोघम भाषा सोडून नेमके बोलावे. बीएफए, म्हणजे दृश्यकलेच्या पदवीसाठी बारावीला गणित लागत नाही. कोणत्याही शाखेतून बारावी करून प्रवेश परीक्षा देता येते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या प्रवेश परीक्षेलाही शाखेची अट नाही. पण वास्तुकलेला बारावीचे गणित लागते, आणि चित्र चांगले काढणाऱ्या मुलींच्या डोक्यात हा विचार बरेचदा अकरावीचा प्रवेश होऊन गेल्यावर येतो. ही एक गोष्ट तिला आजच सांगावी. अर्थशास्त्रात पुढे खोल जायचे असेल तर गणित लागते, मानसशास्त्रात संख्याशास्त्र येतेच. वाणिज्य शाखेत अकरावीला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते, मात्र सनदी लेखापाल व्हायचे मनात असेल तर त्याच्या पहिल्याच परीक्षेत शंभर गुणांचा गणित-संख्याशास्त्राचा पेपर समोर उभा राहतो. एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे तर असे, की लष्करी शाखेला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण लेखी परीक्षेत ३०० गुण गणिताचे असतात.

आणि कला शाखा घेतली की गणित कायमचे सुटले, असेही नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतल्या दुसऱ्या पेपरात दहावीच्या पातळीचे अंकगणित असते, पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असते, विधी शाखेच्या ‘क्लॅट’मध्येही थोडा भाग असतो. या सगळ्यांत विचारले जाते ते गणित अकरावी-बारावीचे नाही. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग, म्हणजे तेच सहावी ते दहावीचे. म्हणूनच बारावीपर्यंत ओढत नेण्याऐवजी दहावीपर्यंतचे पक्के करा, असे मी तिच्या बाबांना सुचवेन.

त्यासाठी या सुट्टीत काय करता येईल ते सांगते. दहावीचा भाग आगाऊ उरकणाऱ्या क्लासला तिला आत्ताच घालू नये. तेथे तिचा तोच जुना अडथळा आणखी वेगाने समोर येईल. बालभारतीची सहावी आणि सातवीची गणिताची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यातले अपूर्णांक, पूर्णांक संख्या, परिमेय संख्या आणि शेकडेवारी एवढीच प्रकरणे घ्यावीत, रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही. ‘एवढ्या मोठ्या मुलीला सहावीचे पुस्तक’ असे घरात कोणी म्हणणार नाही याची जबाबदारी तुमची. प्रत्येक उत्तरानंतर ताळा करायचा आणि तो तिनेच करायचा, तुम्ही उत्तर बरोबर आहे की नाही हे सांगायचे नाही. अपूर्णांकांची बेरीज समजत नसेल तर पट्टीवर सेंटिमीटर मोजून चित्र काढायला सांगावे. हात चालणाऱ्या मुलांना ते शब्दांपेक्षा लवकर कळते.

ज्या मुलीला आदल्या रात्री ताप भरतो, तिला आणखी एक हिशेब सांगायला हवा. राज्य मंडळाच्या दहावीत टक्केवारी काढताना सर्वोत्तम पाच विषय धरतात, त्यामुळे गणितात ती उत्तीर्ण झाली आणि बाकी पाच विषयांत चांगले गुण मिळाले तर टक्केवारीला धक्का लागत नाही. चित्रकलेच्या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात ते वेगळेच. बीजगणिताचे ४० आणि भूमितीचे ४० अशा दोन लेखी परीक्षांबरोबर २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. आणि समजा विषय राहिलाच, तर पुरवणी परीक्षा आहे, अकरावीला तात्पुरता प्रवेशही मिळतो. हे सगळे वडीलधाऱ्यांना ठाऊक असते, पण मुलांना कोणी बसून सांगत नाही, आणि त्यांच्या मनात दहावीचे गणित म्हणजे सगळे संपण्याची जागा होऊन बसते.

राहता राहिले शिक्षक. ही दोन पाने घेऊन जूनमध्ये त्यांना जरूर भेटा, गुण का कापले म्हणून भांडायला नव्हे. पहिली पायरी चुकली पण पुढची पद्धत बरोबर आहे, तेथे पायरीचे गुण मिळू शकतात का, हे विचारा आणि वर्गात आणखी किती मुले अपूर्णांकांची बेरीज अशीच करतात, हेही विचारा. बरीच निघाली, तर पहिल्या पंधरवड्यात तेवढा भाग सगळ्या वर्गाचा पुन्हा घेता येईल का, असे सुचवायला हरकत नाही. दहावीचा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आहे आणि तेथे अपूर्णांक लगेच लागतात, त्यामुळे शिक्षकांनाही त्यात वेळ वाया गेल्यासारखे वाटणार नाही.